उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का? प्रेशर सेन्सर काय मोजतो, त्याची गोष्ट

मे महिन्यात आम्ही पुण्याहून नागपूरला निघालो होतो. समृद्धी महामार्गावर चढण्याआधी एका पंपावर हवा भरायला थांबलो. हवा भरणारे काका म्हणाले, "लांब जाताय ना? मग तीसच ठेवतो. ऊन बघा किती आहे. हवा फुगते आणि टायर फुटतो." ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला कंपनीने चिकटवलेल्या तक्त्यावर ३३ पीएसआय लिहिलं होतं. मी ३३च भरायला सांगितली. त्यांनी भरली, पण माझ्याकडे बघताना त्यांना माझी काळजी वाटत होती हे दिसत होतं.

तशी काळजी हजारो लोकांना वाटते. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. तेव्हापासून उन्हाळा लागला की टायर फुटल्याच्या बातम्या येतात आणि त्यांच्या मागोमाग सल्ले: हवा कमी ठेवा, नायट्रोजन भरा, मध्ये थांबून थोडी हवा सोडा. दुसरीकडे नव्या गाड्यांच्या चाकांमध्ये दाब मोजणारे सेन्सर आले आहेत. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखी पिवळी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह उमटलं की लोक खाली उतरून टायरला लाथ मारून बघतात आणि म्हणतात, "हवा तर आहे की! सेन्सरच गंडला असेल."

बहुतेक वेळा सेन्सर गंडलेला नसतो. तो काय सांगतोय हे कळण्यासाठी तो काम कसं करतो ते बघावं लागेल. त्याच जातीचा सेन्सर बीपीच्या मशीनमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये, मोबाइलमध्ये आणि समुद्राच्या तळाशीही बसलेला आहे, त्यामुळे हा खटाटोप वाया जाणार नाही.

## आधी दाब म्हणजे काय ते बघू

बाजारातून पाच किलो भाजी आणताना पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचे बंद बोटांत रुततात. तीच भाजी रुंद पट्ट्यांच्या कापडी पिशवीत घेतली तर रुतत नाही. वजन तेवढंच आहे, ते किती जागेवर पसरलंय हे बदललं. जोराला जागेने भागलं की जे येतं तो दाब. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा जोर. ३३ पीएसआय म्हणजे टायरच्या आत मोठ्या टपाल तिकिटाएवढ्या प्रत्येक जागेवर साधारण १५ किलोचा जोर.

आपली गाडी या हवेवर उभी असते. माणसं आणि सामान धरून गाडी दीड टन असेल, तर ३३च्या दाबाला चारही टायर मिळून सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर जागा रस्त्याला टेकते. म्हणजे एका टायरची जवळपास आपल्या हाताच्या पंजाएवढी. हवा कमी झाली की तेवढंच वजन पेलायला टायरला जास्त पसरावं लागतं. हे पसरणं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आणखी एक दाब आपल्याभोवती सतत असतो आणि त्याची आपल्याला जाणीवही नसते: वातावरणाचा. १६४३ मध्ये इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा खाली उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. भांड्यातल्या पाऱ्याला बाहेरची हवा दाबत होती आणि त्या दाबाने नळीतला पारा तोलून धरला होता. आपण रक्तदाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतो, त्याचं मूळ या नळीत आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब असतो १४.७ पीएसआय, किंवा हवामान खात्याच्या भाषेत १०१३ हेक्टोपास्कल.

## महाबळेश्वरला फुगलेलं वेफर्सचं पाकीट

मुंबईत घेतलेलं वेफर्सचं पाकीट महाबळेश्वरला पोचेपर्यंत टम्म फुगतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. आतली हवा वाढत नाही. १३५० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ८६० हेक्टोपास्कलवर येतो, आणि आतली हवा मात्र मुंबईच्या दाबाने बंद केलेली असते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीडशे ग्रॅमचा जोर आतून बाहेर उरतो आणि पाकीट फुगतं. पाकीट किती फुगलं हे पट्टीने मोजता आलं, तर आपण किती उंचावर आलो हेही सांगता येईल.

प्रेशर सेन्सर म्हणजे हेच. एक बंद पोकळी, तिच्यावर एक लवचीक पडदा, आणि तो पडदा किती वाकला हे मोजायची काहीतरी युक्ती. फ्रान्समध्ये लुसियाँ व्हिदीने १८४४ मध्ये पातळ पत्र्याच्या, आतली हवा काढून घेतलेल्या डबीला काटा जोडून पाऱ्याशिवाय चालणारा हवादाबमापक केला. पाच वर्षांनी त्याच देशात यूजेन बूर्दाँने बाकदार, चपटी नळी वापरली. जत्रेतली पिपाणी फुंकली की तिची गुंडाळी सरळ होते, तशी दाबाने ही नळी सरळ होऊ बघते आणि काटा फिरवते. पंपावरच्या जुन्या गोल काट्याच्या घड्याळात अजूनही तीच नळी आहे.

काटा माणसाने वाचावा लागतो. फिरत्या चाकात बसून काटा कोण वाचणार? तिथे वाकणं थेट विजेच्या भाषेत सांगणारं काहीतरी हवं. ते १९५४ मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये चार्ल्स स्मिथने दाखवून दिलं की सिलिकॉनवर ताण पडला की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, आणि हा बदल धातूच्या तारेपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. या गुणाला पीझोरेझिस्टिव्ह म्हणतात. हा शब्द विसरलात तरी चालेल. ताण पडला की विरोध बदलतो, एवढं पुरे.

आजच्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा एक तुकडा मागून कोरत कोरत इतका पातळ केलेला असतो की पडदा केसाच्या जाडीच्याही काही अंशच उरतो. पडद्याच्या कडांजवळ, जिथे वाकताना ताण सर्वांत जास्त येतो, तिथे विजेला विरोध करणारे चार छोटे भाग, म्हणजे विरोधक, बसवलेले असतात. पडदा वाकला की दोघांचा विरोध वाढतो, दोघांचा कमी होतो. चौघांची जोडणी तराजूसारखी असते: दोन्ही पारडी समान असली की त्यांच्यामध्ये काहीच वीज वाहत नाही, जरा असमतोल झाला की लगेच कळतं. पडद्याचं हे वाकणं आपल्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही, पण तराजूला दिसतं.

मोबाइलमधला असा सेन्सर अडीच बाय दोन मिलिमीटर असतो, उंची एक मिलिमीटरहूनही कमी. समुद्रसपाटीजवळ दर आठ मीटरला दाब साधारण एक हेक्टोपास्कलने कमी होतो, म्हणजे इमारतीचा एक मजला चढलं की तीनेक दशांश. चांगल्या फोनला एवढा फरक कळतो. किती मजले चढलात हे फोन सांगतो ते त्यावरूनच. मला या तंत्रज्ञानात सर्वांत थक्क करणारी गोष्ट कुठली वाटत असेल तर हीच: जिन्याच्या वीस पायऱ्यांत हवेचं वजन बदलतं आणि खिशातला सिलिकॉनचा कण ते ओळखतो.

## पंक्चर टायरमध्ये हवा नसते का?

असते. पंक्चर झालेल्या टायरला घड्याळ लावलं तर ते शून्य दाखवतं, पण आत बाहेरच्याइतकीच, १४.७ पीएसआयची हवा असते. पंपावरचं घड्याळ आत आणि बाहेर यांतला फरक दाखवतं. तुमच्या ३३च्या टायरमध्ये खरा दाब ४७.७ असतो.

पाकीट फुगतं ते आत-बाहेरच्या फरकामुळे. सेन्सरचा पडदाही फरकानेच वाकतो. म्हणून कुठलाही आकडा दिसला की विचारायचं: कशाच्या तुलनेत? पंपावरचं घड्याळ आणि बीपीचं मशीन भोवतालच्या हवेशी तुलना करतात. मोबाइलमधला आणि चाकातला सेन्सर हवा काढून घेतलेल्या पोकळीतल्या निर्वाताशी तुलना करतात. चाकातला सेन्सर रिमच्या आत कोंडलेला असतो, त्याला बाहेरची हवा भेटतच नाही. वातावरणाचा वाटा गाडी नंतर वजा करते. काही ठिकाणी दोन बाजूंच्या दाबांची एकमेकांशी तुलना होते. बीएस-सिक्स डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी किती भरली हे तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावरून कळतं. चहाची गाळणी चोथ्याने भरली की चहा वरच तुंबतो, तसं.

यातून एक गंमत निघते. मुंबईहून महाबळेश्वरला गेलात आणि तापमान तेच राहिलं, तर टायरमधली हवा तेवढीच असूनही पंपावरचं घड्याळ सुमारे दोन पीएसआय जास्त दाखवेल.

## मग उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची की नाही?

आता पंपावरच्या काकांकडे परत येऊ. हवा तापली की दाब वाढतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. किती वाढतो तेवढं बघू. २५ अंशांना ३३ भरलेला टायर धावून ६५ अंशांपर्यंत तापला तर घड्याळ सुमारे ३९ दाखवेल. सहाची वाढ. कंपनीने ३३ हा आकडा ठरवताना ही वाढ धरलेलीच असते. टायरच्या कडेवर कमाल दाब छापलेला असतो, साध्या मोटारींच्या टायरवर बहुधा ४४ किंवा ५१, आणि तोसुद्धा थंड टायरचा. टायर फुटायला लागणारा दाब त्याच्याही कितीतरी वर असतो. चांगला टायर ३९ला फुटत नाही.

मग फुटतो कशाने? पसरण्याने. पक्कड नसली की आपण तार वाकवून वाकवून तोडतो. तुटायच्या आधी त्या जागी बोट लावा, चटका बसतो. ताशी १२० किलोमीटरने धावताना मोटारीचं चाक सेकंदाला साधारण सतरा वेळा फिरतं, आणि टायरच्या कडेचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा वाकून सरळ होतो. हवा योग्य असेल तर वाकणं थोडं. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकणं, म्हणून जास्त उष्णता. रबर आणि आतले धागे तापतात, एकमेकांपासून सुटू लागतात आणि शेवटी कड फाटते. मागे माणसं आणि टपावर सामान असेल तर हे आणखी लवकर होतं. उन्हाच्या भीतीने हवा कमी केली की ज्या उष्णतेला आपण भितो तीच वाढते.

अमेरिकेत २००० साली हा विषय देशभर पेटला. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटल्या आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. टायरच्या रचनेचा वाद होता, गाडीच्याही रचनेचा होता, आणि एक वाद हवेचा होता: फोर्डने २६ पीएसआय सांगितले होते, टायर कंपनीचं म्हणणं होतं ३० हवेत. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा त्या मृत्यूंमधून आलेला आहे.

वाटेत थांबून हवा सोडणं तर सर्वांत घातक. ६५ अंशांना ३९ दिसतंय म्हणून ३३पर्यंत सोडलीत, तर टायर २५ अंशांवर आल्यावर आत २७च उरतील. दुसऱ्या दिवशी त्याच २७वर तुम्ही परत निघाल. हवा तपासायची ती गाडी दोन-तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी, आणि भरायची ती दाराच्या कडेच्या तक्त्याप्रमाणे. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी त्यावर बहुधा वेगळा, मोठा आकडा असतो. तो कुणी वाचत नाही. कृपया वाचा. टायर जुना, तडकलेला असेल तर मात्र कुठलाच आकडा वाचवणार नाही. कडेवरच्या छोट्या चौकटीतले चार अंक बघा: २४१९ म्हणजे २०१९ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला.

## नायट्रोजन भरला तर?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तापमानाने दाब वाढण्याचं प्रमाण दोघांचं सारखंच आहे. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, एवढा फायदा खरा. फुकट मिळत असेल तर जरूर भरा, पण तो आहे म्हणून महिनोन् महिने हवा न बघता फिरू नका.

## दिवा आहे ना, मग हवा तपासायची कशाला?

कारण दिवा उशिरा लागतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दाब २५ टक्क्यांनी उतरला की सूचना मिळायला हवी. म्हणजे ३३चे जवळपास २५ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. तीसला तो काही बोलणार नाही. ज्या गाडीत चारही चाकांचे आकडे पडद्यावर दिसतात, तिथे ते निघण्याआधी बघायची सवय लावावी.

दुसरं म्हणजे, सगळ्या गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतो. काही गाड्या दाब मोजतच नाहीत, अंदाज बांधतात. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याचा घेर कमी पडतो आणि बाकीच्यांच्या बरोबरीने जायला त्याला थोडं जास्त फिरावं लागतं. ब्रेकच्या यंत्रणेतला चाकाचा वेग मोजणारा भाग हा फरक पकडतो. युक्ती सुंदर आहे, पण चारही टायरची हवा सावकाश, सारखीच उतरली तर तुलना करायला काही उरत नाही. अशा गाडीत हवा भरल्यावर यंत्रणेला 'आता हे बरोबर समज' असं बटण दाबून सांगावंही लागतं. बऱ्याच जणांना हे शोरूममध्ये कुणी सांगितलेलंच नसतं.

थंडीत सकाळी दिवा लागतो आणि दहा किलोमीटर गेल्यावर विझतो, तेव्हाही लोक सेन्सरला दोष देतात. रात्रीच्या गारठ्याने दाब उतरलेला असतो, धावून टायर तापला की तो पुन्हा वर येतो. तो दिवा सांगत असतो की हवा काठावर आली आहे.

## दंडावरचा पट्टा

हाच पडदा बीपीच्या डिजिटल मशीनमध्ये असतो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जे आवाज ऐकतात ते रशियाच्या कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये वर्णन केले. डिजिटल मशीन काहीच ऐकत नाही. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत असताना धमनीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या दाबावर बारीक तरंग उठतात, सेन्सर ते टिपतो. तरंग सर्वांत मोठे असतात तेव्हा पट्ट्यातला दाब धमनीतल्या सरासरी दाबाएवढा असतो. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून हिशेबाने काढतं. म्हणून बोललं, हललं की आकडा चुकतो, आणि ठोके अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

माझी आई सोफ्यावर बसून हात मांडीवर ठेवून बीपी मोजायची आणि आकडा बघून घाबरायची. हात टेबलावर, छातीच्या उंचीला आणल्यावर वरचा आकडा आठ-दहाने उतरला. यात जादू नाही. पट्टा हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल तर तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचं वजन दाबात मिळतं आणि आकडा सात-आठ मिलिमीटरने वाढतो. मशीनने खरंच मोजलं होतं, पण हात जिथे होता तिथला दाब मोजला होता.

## पाण्याला न शिवता पाणी मोजणं

पेला उलटा धरून बादलीत बुडवला तर आतली हवा दाबली जाते. वॉशिंग मशीनला टबात किती पाणी आलं हे असंच कळतं. टबाच्या तळाजवळून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते, पाणी चढलं की नळीतली हवा दबते. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे वातावरणाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका दाब.

हीच कल्पना समुद्राच्या तळाशी न्या. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर भारताने हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत इशारा केंद्र उभारलं, ते २००७ पासून काम करतंय. खोल समुद्रात तळाशी ठेवलेली दाबमापकं त्याला खबर देतात. भर समुद्रात त्सुनामीची उंची अनेकदा काही सेंटिमीटरच असते, जहाजाला ती कळतही नाही. पण वाऱ्याच्या लाटा वरच्या वर विरतात आणि त्सुनामी तळापर्यंतचं सगळं पाणी हलवते. सहा किलोमीटर खोलीवर सुमारे सहाशे वातावरणांचा दाब असतो, आणि तिथे बसलेलं यंत्र एका सेंटिमीटर पाण्याचा फरक ओळखतं. इथे सिलिकॉनच्या पडद्याऐवजी क्वार्ट्झचा कंप पावणारा स्फटिक असतो, दाबाने त्याच्या कंपनाचा वेग बदलतो. ही खबर आवाजाच्या रूपाने वरच्या तरंगत्या बोयापर्यंत जाते, तिथून उपग्रहामार्गे किनाऱ्यावर.

## भोकात कुंभारीण बसली तर

पडदा कितीही उत्तम असला तरी दाब त्याच्यापर्यंत पोचावा लागतो, आणि तो एखाद्या बारीक भोकातून पोचतो. वॉशिंग मशीनच्या नळीत साबणाचा गाळ साचला की मशीन पाणी घेतच राहतं किंवा अडून बसतं.

विमानाचा वेगही दाबातल्या फरकावरून मोजतात, पुढे तोंड असलेल्या पिटो नळीतून येणारी हवा विरुद्ध शांत हवा. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. विमान काही आठवडे उभं होतं, नळ्यांवर झाकणं नव्हती. तपासकर्त्यांचा सर्वांत प्रबळ अंदाज असा की एका नळीत चिखलाची घरं बांधणाऱ्या माशीने, आपल्याकडे स्विचबोर्डाच्या भोकात बसते त्या कुंभारणीच्या जातीने, घर केलं होतं. वेग चुकीचा दिसला आणि वैमानिक गोंधळले. १ जून २००९ला एअर फ्रान्सच्या रिओहून पॅरिसला जाणाऱ्या विमानात हे काम बर्फाच्या कणांनी केलं. तिथे २२८ जण गेले.

आपल्या गाडीतही एक असंच भोक आहे. २०२०च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर आणि दाबाची सूचना देणारी यंत्रणा असलेल्या मोटारीत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं तरी चालतं. त्या किटमध्ये चिकट द्रवाची बाटली असते. तो द्रव टायरमध्ये सोडला की भोक बुजतं, पण कधी कधी चाकातल्या सेन्सरचं बारीक तोंडही बुजतं, आणि मग पडद्यावर दिसणारा आकडा भरवशाचा राहत नाही. असा द्रव वापरला असेल तर पंक्चरवाल्याकडे टायर उतरवताना त्यांना आधीच सांगा: आत व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे, टायर काढताना त्याला लोखंडी पट्टी लागू देऊ नका, आणि बसवायच्या आधी त्याचं तोंड पुसून घ्या.